परत बसा, पण घरी बसू नका

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की आमच्या शहापुरात, टिळकवाडीत, अनगोळात एक प्रश्न घरोघर फिरू लागतो. 'कितीवर अडकला?' विचारणाऱ्याला 'कॅट' ही परीक्षा नेमकी काय असते हे धड ठाऊक नसते. आयआयएम हे नाव तेवढे कानांवर पडलेले असते आणि शेजारचा मुलगा त्या परीक्षेला बसला होता एवढी बातमी असते. उत्तर येते, 'त्र्याण्णव.' मग विचारणारा हळहळतो, 'अरेरे, थोडक्यात हुकलं की!' आणि चहा संपवून उठता उठता सल्ला देऊन जातो, 'नोकरीबिकरी राहू दे. वर्षभर घरात बसून नेट लावून कर म्हणावं. पुढच्या वर्षी मिळालंच म्हणून समजा.'

हाच पाहुणा दोन घरे सोडून पलीकडे जातो. तिथे मुलगी परीक्षेला बसलेली असते. 'अठ्ठ्याऐंशी? चांगलंच आहे की. हौस फिटली ना? आता पुरे. कुठे स्थळंबिळं बघता की नाही?'

एकच परीक्षा, एकच गाव, सल्ला देणारा माणूसही एकच. मुलाचा दुसरा प्रयत्न ही जिद्द आणि मुलीचा दुसरा प्रयत्न हा हट्ट. मी एकतीस वर्षे वाणिज्य शिकवले. या काळात हे दोन्ही सल्ले शेकडो वेळा ऐकले आणि लाजेने सांगतो, दिलेही. आज मला या दोन्ही सल्ल्यांविरुद्ध लिहायचे आहे. पहिल्याने माझ्या मुलाची दोन वर्षे गेली. दुसऱ्याने माझ्या पुतणीचे एक वर्ष जाता जाता राहिले.

आधी त्या 'थोडक्यात' या शब्दाचा समाचार घेऊ. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, ही गोष्ट शिकल्यासवरल्या माणसांनाही सांगावी लागते. त्र्याण्णव म्हणजे शंभरपैकी त्र्याण्णव गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांमधले त्र्याण्णव तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ साली या परीक्षेसाठी सुमारे ३ लाख २९ हजार जणांनी नावे नोंदवली आणि प्रत्यक्ष बसले सुमारे २ लाख ९३ हजार. त्यांतला एक टक्का म्हणजे जवळजवळ २,९३० माणसे. त्र्याण्णववाल्याच्या पुढे सात टक्के, म्हणजे वीस हजारांहून अधिक उमेदवार उभे असतात. सगळ्या आयआयएमच्या जागा मिळून काही हजार. याला 'थोडक्यात हुकलं' म्हणणारा माणूस त्या मुलाचे सांत्वन करीत नाही, त्याला फसवतो.

दुसरी गोष्ट. पर्सेंटाइल हा क्रम आहे. तुम्ही पुढच्या वर्षी चार प्रश्न जास्त सोडवलेत, पण बाकीच्यांनीही सोडवले, तर तुम्ही आहात तिथेच राहता. एसेसीला पुरवणी परीक्षेला बसण्यासारखा हा प्रकार नाही. तिथे ३५ची रेघ जागची हलत नाही. इथे रेघ ओढणारे दरवर्षी नवे दोन-तीन लाख असतात आणि त्यांतही तुमच्यासारखे परत बसलेले कितीतरी असतात.

आता माझी गोष्ट. माझा मुलगा २०१५च्या नोव्हेंबरात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना पहिल्यांदा बसला. त्र्याण्णव आले. हातात पुण्यातल्या एका कंपनीचे नेमणूकपत्र होते. मी ते नाकारायला लावले. 'एक वर्ष घरी बस, दुसरं काही करू नकोस, पैशाची काळजी मी करतो,' असे मोठ्या उदारपणे सांगितले. त्या उदारपणाचा मला तेव्हा अभिमान वाटत होता. एका क्लासने 'रिपीटर बॅच' म्हणून फीमध्ये सवलत दिली, तिचाही आनंद झाला. पुढच्या वर्षी चौऱ्याण्णव आले. मी म्हटले, 'बघ, वाढले की नाही? आणखी एकदा.' तिसऱ्या वर्षी नव्वद आले.

त्या दोन वर्षांत घरात काय झाले ते सविस्तर सांगत नाही. सकाळी दहाला सगळे बाहेर पडत आणि तो माडीवर एकटा उरे. गणपतीला, लग्नामुंजीला तो येईनासा झाला, कारण आला की 'सध्या काय करूलालास रे?' हा प्रश्न ठरलेला. तेवीस वर्षांच्या मुलाला खिशातल्या पन्नास रुपयांसाठी बापाकडे हात पसरावा लागत होता आणि बाप त्याला जिद्द शिकवीत होता. शेवटी २०१८ साली उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो शिकाऊ म्हणून लागला. मुलाखतीत त्याला तिथल्या साहेबांनी विचारले, 'मधली दोन वर्षं कुठं होता?' घरी येऊन त्याने ते सांगितले आणि मग शांतपणे म्हणाला, 'बाबा, पहिल्या वर्षी मला ती पुण्याची नोकरी करत परीक्षा द्यायची होती. तुम्ही विचारलंच नाहीत.'

मी खरोखरच विचारले नव्हते. गुणपत्रकही नीट पाहिले नव्हते. पाहिले असते तर एक साधी गोष्ट कळली असती. त्याचे दहावीचे गुण ७१ टक्के, बारावीचे ६६. अहमदाबाद किंवा बंगळूरची आयआयएम मुलाखतीला बोलावताना कॅटबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही मोजते. कॅट तुम्ही हवी तितक्या वेळा द्या. प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची अट नाही. पण दहावी परत देता येत नाही. जे बदलणार नाही ते बाजूला ठेवून, बदलण्यासारखे काय उरते हे पाहण्याऐवजी आम्ही बापलेक एका आकड्यामागे धावत राहिलो.

शिवाय माझ्या डोक्यात आयआयएम म्हणजे अहमदाबाद. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद अशा दोन संस्थांपासून सुरुवात झाली. २०१५ साली नागपूरला आयआयएम आली. २०२३ साली मुंबईच्या नीटीचे रूपांतर आयआयएम मुंबईत झाले, तेव्हा हा आकडा एकवीसवर गेला होता. प्रत्येकीची निवडीची तऱ्हा वेगळी. शिवाय मुंबईची जमनालाल बजाज आहे, जमशेदपूरची एक्सएलआरआय आहे आणि तिची झॅट ही स्वतंत्र परीक्षा आहे. महाराष्ट्राची एमबीएची सीईटी तर अगदीच निराळ्या स्वभावाची: दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला गुण कापणे नाही. कॅटमध्ये जपून पावले टाकणारा तिथे मागे पडतो आणि भराभर सोडवणारा तिथे पुढे जातो. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशाच्या नियमांत वेगळी सोयही आहे. तिची कागदपत्रे वेळेवर पाहणारी घरे मला फार थोडी भेटली. एकच परीक्षा तिसऱ्यांदा देण्यापूर्वी दुसरी परीक्षा पहिल्यांदा देऊन पाहावी, हे व्यवहारज्ञान व्यापारी पेठेत राहणाऱ्या आम्हाला कुणी शिकवायला हवे होते काय?

यावर कोणी म्हणेल, 'म्हणजे परत बसूच नये की काय? प्रयत्नांती परमेश्वर हे खोटे?' तसे मी म्हणत नाही. परत बसण्यात कसलाही कमीपणा नाही. २३ नोव्हेंबर २००३ची कॅट प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द झाली आणि फेब्रुवारी २००४मध्ये सगळ्यांनाच ती पुन्हा द्यावी लागली. त्या वर्षी सगळा देश परत बसला. कोणी कोणाला नापास म्हटले नाही. परदेशातल्या बिझनेस स्कूलांसाठी जी जीमॅट देतात ती तर सोळा दिवसांनी पुन्हा देता येते, वर्षात पाच वेळा. त्यांच्याकडे परत बसणे ही नेहमीची बाब आहे. तिच्यासाठी कोणी नेमणूकपत्र परत करीत नाही.

माझा राग परत बसण्यावर नाही. तो घरी बसवण्यावर आहे. आपल्या भाषेत दोन्हीला 'बसणे' हाच शब्द आहे, म्हणून की काय आपण दोन्ही एकच समजून चाललो आहोत.

आता पुतणीकडे येतो. धाकट्या भावाची ही मुलगी. दहावीपर्यंत मराठी शाळेत, पुढे बी.कॉम. एका करसल्लागाराच्या कचेरीत ती नोकरी करीत होती. २०२३ साली कोणाला फारसे न सांगता हुबळीला जाऊन परीक्षा देऊन आली. अठ्ठ्याऐंशी आले. घरात बैठक बसली. आमच्या आई म्हणाल्या, 'पोरीला अजून किती शिकवणार?' भावाने माझ्याकडे पाहिले. मी, मुलाची दोन वर्षे घालवून शहाणा झालेला, म्हणालो, 'नको. माझ्या अनुभवावरून सांगतो, परत बसण्यात अर्थ नाही. आलेलं स्थळ बघा.' ज्याने मुलाला तीनदा बसवले त्याला मुलीच्या दुसऱ्या वेळीच अनुभव आठवला!

ही विसंगती माझ्या लक्षात आली नाही. ती माझ्या मुलाच्या लक्षात आली. तो कोपऱ्यात जेवत होता. मान वर न करता म्हणाला, 'काका, तिला बसू द्या. फक्त नोकरी सोडू देऊ नका.' आणि मग तिला विचारले, 'कुठल्या विभागात किती आले?'

सात वर्षांपूर्वी हा प्रश्न मी त्याला विचारायला हवा होता.

तिने कागद आणला. गणितात त्र्याण्णव, आकडेवारी आणि तर्काच्या विभागात ब्याण्णव आणि इंग्रजीत एकाहत्तर. दुखणे कुठे आहे ते उघड होते. ही परीक्षा इंग्रजीतून होते. २०२४ साली ६८ प्रश्नांपैकी २४ इंग्रजी आकलनाचे होते आणि त्यांतले सोळा उताऱ्यांवरचे. चाळीस चाळीस मिनिटांचे तीन विभाग. एकाचा उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. गणितात कितीही हुशार असा, इंग्रजीची चाळीस मिनिटे इंग्रजीतच काढावी लागतात. घरी मराठी, कचेरीत कानडी आणि परीक्षेत इंग्रजी ही आपल्या मुलांची कायमची तिकटी आहे. तिच्यावर उपाय म्हणून आपल्याकडे काय करतात? शब्दार्थ पाठ करतात! या परीक्षेत शब्दाचा अर्थ सरळ विचारत नाहीत. लेखकाला काय म्हणायचे आहे ते विचारतात.

पुतणीने केले ते असे. रोज पहाटे इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख किंवा मासिकातला एखादा लेख वाचायचा आणि त्याचा सारांश मराठीत चार ओळींत वहीत लिहायचा. मी हसलो होतो. इंग्रजी सुधारायला मराठीत लिहायचे हे काय खूळ? पण ती म्हणाली, 'मोठे काका, कळलं नसेल तर मराठीत लिहिताच येत नाही. इंग्रजीत लिहिलं की त्यांचेच शब्द उचलून कळल्यासारखं वाटतं.' एकतीस वर्षे मुलांचे पेपर तपासूनही मला हे उमगले नव्हते. आठ महिन्यांत तिच्या तीन वह्या भरल्या. कचेरीत तेवढे दिवस तिचा पगार चालू होता, हिशेबाचे काम शिकणे चालू होते, आणि 'सध्या काय करूलालीस?' या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर होते.

२०२४च्या परीक्षेत ती पंचाण्णवच्या वर गेली. जुन्या आयआयएमकडून बोलावणे आले नाही. नव्यांपैकी एकीने मुलाखतीला बोलावले. तिथे करसल्लागाराकडच्या कामाबद्दलच अर्धा वेळ प्रश्न विचारले. २०२५च्या पावसाळ्यात ती तिथे दाखल झाली. न झाली असती तरी माझे म्हणणे बदलले नसते. निकालावरून निर्णय पारखणे ही आपली जुनी खोड आहे. परत बसण्याचा तिचा निर्णय योग्य होता, कारण तिला नेमके काय सुधारायचे ते ठाऊक होते आणि न जमल्यास हातात नोकरी होती. माझ्या मुलाला नव्याण्णव पडले असते तरी माझा निर्णय चूकच ठरला असता. तो जुगार होता, आणि पैज लावली होती ती दुसऱ्याच्या वयाची.

'नोकरी करून अभ्यास होत नाही' हा आणखी एक लाडका आक्षेप. या परीक्षेचे गणित शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या पलीकडचे नसते. पेपर दोन तासांचा. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्याय चुकीचा निवडला तर एक वजा. म्हणजे येणारा प्रश्न घाईत चुकवला की चार गुणांचा फरक. गेल्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी गुणांवर नव्याण्णव पर्सेंटाइल मिळालेले आहे. याचा अर्थ असा की कोणते प्रश्न सोडायचे हे ज्याला कळते तो पुढे जातो. लहानपणापासून 'सगळा पेपर सोडवून ये, एकही प्रश्न सोडू नकोस' असे बजावलेल्या आपल्या मुलांना नेमके हेच जमत नाही. पहिल्या प्रयत्नानंतर पुस्तके बहुधा वाचून झालेली असतात. सवय बदलायची राहिलेली असते. सवय बदलायला रोजचे दोन तास आणि रविवारची एक सराव परीक्षा लागते. त्यासाठी दिवसाचे चौदा तास माडीवर कोंडून घ्यावे लागत नाही. उलट ज्याच्याजवळ दिवसभर रिकामा आहे तो दोन तासांचे काम दहा तासांवर पसरतो आणि रात्री अभ्यास झाल्याच्या समाधानात झोपतो.

अपवाद असतात. बारा-बारा तासांच्या पाळीची नोकरी असेल, घरात मोठे आजारपण असेल, तर शेवटचे दोन-तीन महिने रजा घ्यावी, प्रसंगी नोकरीही सोडावी. पण किती महिने आणि त्यानंतर काय, हे आधी कागदावर लिहून. 'लागेपर्यंत' ही मुदत नव्हे.

क्लासवाल्यांविषयी फार लिहीत नाही. त्यांचा तो धंदा आहे आणि धंदा करणे हा गुन्हा नाही. त्यांच्या फलकावर लागलेल्यांचे फोटो असतात. बसलेल्यांचा आकडा नसतो. तो मागणे हे आपले काम. परीक्षा घेणारेही आता मोकळ्या हाताने बसू देतात. २०२४ साली कॅटची फी अडीच हजार रुपये होती. स्नॅप ही दुसरी परीक्षा तर २०२०पासून एकाच हंगामात एकाहून अधिक वेळा देता येते, प्रत्येक वेळची फी वेगळी भरून. दुकान उघडे आहे म्हणून दरवेळी आत शिरलेच पाहिजे असे नाही. आणि ही सारी चिल्लर झाली. अहमदाबादच्या दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या पुढे गेली आहे. कर्ज काढून तिथे जाणाऱ्याने आधी वर्षभर कमावलेले असले तर पंचवीस लाख म्हणजे किती, हे त्याला बापाच्या तोंडून ऐकावे लागत नाही.

तेव्हा येत्या डिसेंबरात निकाल लागेल त्या घरांसाठी माझे म्हणणे एवढेच. एकूण आकडा झाकून ठेवा आणि तीन विभागांचे तीन आकडे पाहा. कोणता पडला आणि का पडला, हे मुलाला किंवा मुलीला एका वाक्यात सांगता येते का ते विचारा. 'दिवसच वाईट होता' हे कारण नव्हे. 'ताप होता', 'दोन उतारे वाचूनच झाले नाहीत' हे कारण आहे. मग दहावी-बारावीचे गुण समोर ठेवून, वाढलेल्या आकड्याने कोणते दार खरोखर उघडणार आहे ते शोधा. आणि शेवटी विचारा की हे दार उघडले नाही तर पुढच्या डिसेंबरात हातात काय असेल. या प्रश्नाला उत्तर असेल तर खुशाल परत बसा. नसेल तर आधी ते उत्तर मिळवा. परीक्षा कुठे पळून जात नाही. आणि हे सगळे प्रश्न मुलगा असो, मुलगी असो, त्याच क्रमाने आणि त्याच आवाजात विचारा. एकाला तीनदा आणि दुसरीला एकदा, असा हिशेब ज्या घरात चालतो त्या घराने जिद्दीच्या गोष्टी सांगू नयेत.

राहता राहिले पाहुणे. त्यांनी चहा घ्यावा, कुंदा खावा, पावसापाण्याचे बोलावे. 'कितीवर अडकला?' हा प्रश्न या वर्षीपुरता तरी गिळून टाकावा. फारच राहवले नाही तर मुलाला विचारावे, 'तुझ्या मनात काय आहे?' आमच्या घरात हा प्रश्न यायला नऊ वर्षे लागली, आणि तोही ज्याला तो कधी कोणी विचारला नव्हता त्याच्याच तोंडून आला.